महाराणीच्या वेणीतल्या उवा

शाळेच्या दवाखान्यात एक खाट, एक पडदा आणि हात धुवायचं बेसिन आहे. मी ग्रंथालय सांभाळते, पण डबा तिथेच खाते, सिस्टरांसोबत. साहित्य शिकल्यामुळे आपल्याला माणसं कळतात असा माझा समज होता.

"मला काही पोरं अजिबात आवडत नाहीत," सिस्टर संत्रं सोलत म्हणायच्या. "औषध सगळ्यांना सारखं. हसू मात्र माझं. ते मी वाटत फिरत नाही."

नववीतल्या एका मुलीला त्या महाराणी म्हणत. लांब, जाड वेणी. मागे कायम चारपाच जणींचा कंपू. एकदा ती पोट दुखतंय म्हणून पडद्यामागे झोपली होती. सिस्टर फोनवर नवऱ्याला विनवत होत्या. तो घर सोडून गेला होता. "अहो, निदान लेकीशी तरी बोला ना."

दुसऱ्या दिवशी सिस्टर जंताच्या गोळ्या घेऊन नववीच्या दारात पोचल्या. आत महाराणी रुमालाने नाक पुसत फोनवरचं तेच वाक्य म्हणत होती. वर्ग बाकं बडवत हसत होता. सिस्टर आत गेल्या. गोळ्या वाटल्या. महाराणीलाही दिली.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

"घाई काय आहे?"

मग डोकी तपासायचा दिवस आला. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक मुलीला तेच दोन शब्द: "छान. पुढची." जिच्या डोक्यात उवा सापडत, तिला नंतर काहीतरी निमित्त काढून एकटीला बोलवत आणि औषध देत. कुणाला पत्ता लागत नसे.

महाराणीच्या वेणीपाशी त्यांची बोटं क्षणभर थांबली.

"छान. पुढची."

डबा खाताना त्या खुशीत होत्या. "अख्खं गाव वसलंय तिच्या डोक्यात."

"मग कधी बोलावताय?"

"कशाला? नांदू देत सुखाने."

मला ती थट्टा वाटली. पण त्यांनी तिला बोलावलंच नाही. काही दिवसांत सगळा कंपू डोकं खाजवायला लागला. सिस्टर खिडकीशी उभ्या राहून चहा पीत बघायच्या. "ये, बस. आता माझं नाटक बघ."

कंपूला कुणावर तरी खापर फोडायचं होतं. त्याच वर्गात एक मुलगी होती, फारशी बोलत नसे. तिला मुकी म्हणायचे. सिस्टर अर्धं संत्रं तिच्यासाठी ठेवत. उवा तिच्याच, असं ठरलं. तिच्या शेजारी कुणी बसेना.

एका दुपारी ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली. शिवणाच्या तासाच्या कात्रीने तिने स्वतःच केस कापले होते. वेडेवाकडे, पार मुळापासून. कानामागे रक्त होतं.

"सिस्टर, बघा ना. आता नाहीत ना?"

सिस्टरांनी डोकं पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"कधीच नव्हत्या, बाळा."

जखमेवर पट्टी लावून त्या तिचा हात धरून थेट नववीत गेल्या. मी मागोमाग.

"हिच्या डोक्यात एकही ऊ नव्हती," त्या म्हणाल्या. "कुणाच्या डोक्यात होत्या ते मला तपासणीच्या दिवशीच कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

"कोणाच्या?" मागून कुणीतरी विचारलं.

सिस्टरांनी नाव घेतलं नाही. त्या फक्त महाराणीकडे बघत राहिल्या. महाराणीचा हात आपोआप वेणीवर गेला. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. कंपू दोन बाकं सरकला. सिस्टरांनी नजर काढली नाही. ती रडायला लागेपर्यंत.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. चौकशी होणार आहे. नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही.

"माफी मागितलीत?" दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी विचारलं.

"मुकीची मागितली. पायच धरणार होते, पोरगी घाबरली."

"आणि महाराणीची?"

त्या संत्रं सोलत होत्या. आता अर्धं नव्हे. सगळं मुकीसाठी.

"तिला औषध लावलं. सगळ्यांना लावते तेवढंच," त्या म्हणाल्या. "फणीने विंचरूनही दिलं. हात मात्र हलका ठेवला नाही."