दवाखान्यातली जुनी पोर्ट

बाटली हातात घ्यायच्या आधीच मला तिची किळस आली. बुचावरच्या लाखेला एक झुरळ चिकटून वाळलं होतं, लेबल कसरीनं खाल्लं होतं, आणि ती धरून उभा असलेला माणूस अंगठ्याला थुंकी लावून लेबलावरची धूळ पुसत होता. "काकू, बघा, अक्षरं दिसायला लागली," तो म्हणाला. मला अक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं. ही बाटली घ्यायची की नाही एवढंच मला ठरवायचं होतं, आणि तेही माझ्यासाठी नाही, सासूसाठी.

सासूबाईंनी दिवाळीनंतर अंथरूण धरलं ते धरलंच. भाटघर धरणाच्या पाण्याच्या मागच्या अंगाला आमचं गाव. घरात आम्ही दोघीच. पेज नेली की त्या तोंड फिरवायच्या, दुधात भाकरी कुस्करून नेली की ओठ घट्ट मिटायच्या. पुन्हा पुन्हा एकच मागणं.

"मला भोरच्या डाक्टरचं लाल औशिद आण. तेच्याबिगर मला काय बी नगं."

हे लाल औषध म्हणजे पोर्ट वाईन. पूर्वी अशक्त बाळंतिणींना डॉक्टर ती सर्रास द्यायचे. सासूबाईंच्या पहिल्या आणि शेवटच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. बैलगाडीत घालून त्यांना भोरला आणलं. डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली, तिच्या अंगावर खाचा पाडलेली कागदी पट्टी डकवलेली. सकाळी एक खाच, संध्याकाळी एक खाच. तेवढे दिवस त्यांना कुणी पाण्याला पाठवलं नाही, दळायला बसवलं नाही. डोकं बांधून, शेकशेगडी घेऊन त्या पडून राहिल्या आणि औषधाचा चमचा तोंडापर्यंत येत राहिला. उभ्या जन्मातली तेवढीच चैन. ती त्यांनी मला इतक्यांदा ऐकवली होती की मला तिचा वीट आला होता.

त्या बाळंतपणातला मुलगा म्हणजे माझा नवरा. तो दारूनं गेला. कसा गेला ते इथं लिहीत नाही. ज्यांच्या घरात कुणी असं गेलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून कळायचं नाही.

तो गेल्यावर मी पदर खोचला. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान लागतं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला जास्त मतं पडली की दुकान बंद. मी अंगणवाडीत सेविका होते, त्यामुळे घरोघरची चूल मला ठाऊक. एकेक बाई उठवून टेम्पोत बसवली, सासूबाईंना तर हाताला धरून चढवलं. आणि परत येताना भर टेम्पोत त्या म्हणाल्या, "म्या आपली उभीवर शिक्का मारला. आडवी म्हंजी सगळं सांडल की गं! मला न्हाई बगवलं." बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मला हसू आलं नाही. दुकान बंद झालंच, पण कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते चुकून झालं असं मला वाटतच नव्हतं. पोराला लुगड्याच्या गाठीतून पैसे सोडून देणारी हीच बाई होती.

अशा बाईसाठी मी वाइन शॉपच्या दारात उभी राहणार? सारा तालुका मला आडव्या बाटलीवाली बाई म्हणून ओळखतो. मेले तरी नाही राहणार, असं मी स्वतःला बजावलं होतं. आणि अशात मोबाईलवर फिरत फिरत एक फोटो माझ्यापर्यंत आला. त्याच डॉक्टरांचा भोरमधला बंद दवाखाना नातू रिकामा करत होता आणि फार जुनी पोर्टची बाटली विकायला काढली होती. मी मनाची समजूत घातली. दुकानातली ती दारू, दवाखान्यातलं ते औषध. पुन्हा सासूबाईंना हवं होतं ते ह्याच दवाखान्यातलं. मग मी निघाले.

दवाखान्यात उंदरांच्या मुताचा वास भरून राहिला होता. तपासायच्या टेबलाचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. नातू पुण्याचा, अर्ध्या चड्डीत, एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मी आत आल्यापासून तो व्हिडिओ काढत होता, मला न विचारता. धरणावरचा कुणी गोरा साहेब जाताना अख्खी पेटी आजोबांना देऊन गेला, त्यातली ही शेवटची, असं त्यानं मला आणि मोबाईलला एकदमच सांगितलं.

"पिता येईल का ही?" मी विचारलं.

त्याला हसू आवरेना. "पिण्यासाठी कोण घेतं, काकू? ही ठेवायची असते. काचेच्या कपाटात, आत लाईट लावून."

त्यानं बाटली खिडकीशी धरली. आतला माल बाटलीच्या खांद्याच्या खाली उतरला होता. रंग लाल कसला, गंजक्या नळाच्या पाण्यासारखा. बुडाशी काहीतरी जाड, काळं, बाटली कलेल तसं सरकत होतं. "गाळ असायलाच पाहिजे," तो म्हणाला, "गाळालाच किंमत आहे." मग त्यानं ती किंमत सांगितली. तेवढ्यात दुभती म्हैस दारात आली असती.

मी म्हटलं, माणूस अंथरुणावर आहे, त्याच्यासाठी न्यायची आहे. त्यानं डोकं खाजवलं, मोबाईल खाली ठेवला आणि पेशंटसाठी म्हणून किंमत बरीच उतरवली. तेवढं त्याचं चांगलं म्हणायला हवं. मी विचार करू लागले. फडक्यातून गाळून घेतलं तर? आता त्यांना असं काय व्हायचं राहिलंय? शेवटचं मागणं आहे, पुरवावं आणि मोकळं व्हावं. माझा हात पिशवीत गेलासुद्धा होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "तुमच्या आजोबांनी माझ्या सासूला ह्याच औषधावर उठवून बसवली होती."

"ह्याच्यावर? छे हो!" तो मोकळेपणानं हसला. "ही आजोबांची खासगी. बायकांना साखरेचं पाणी, लाल रंग घालून. कंपाउंडर घागरभर बनवून ठेवायचा. खरा माल मित्रांच्या पत्त्यांच्या बैठकीला. आजी अजून सांगताना हसते."

तो हे लपवत नव्हता, उलट घरातली मजा म्हणून सांगत होता. अंगातलं रक्त संपलेली पोर बैलगाडीतून इथवर आली, ह्याच फाटक्या टेबलावर निजली, आणि तिच्या हातात ह्यांनी सरबताची बाटली दिली. वर खाचा पाडलेली पट्टी, मोजून घ्यायला! ती जगली ती आपल्या हाडांच्या जोरावर. आणि जन्मभर ह्या लोकांचे उपकार सांगत राहिली, मला, शेजारणींना, आल्यागेल्याला. मी त्याच्या हातातली बाटली ओढून टेबलावर आपटली. "हळू, काकू, हळू!" तो ओरडला. फुटली असती तरी मला चाललं असतं. एसटी स्टँडच्या नळावर मी माती घेऊन हात घासले.

गावाकडची गाडी लागलेली होती. मी तिच्यात चढले नाही. कापूरहोळच्या गाडीत चढले. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं, की ह्या बाईनं जन्मभर ज्याचं नाव काढलं ते तिच्या ओठाला एकदाही लागलेलं नाही. एकदा तरी खरं लागू दे.

कापूरहोळला हायवेच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेत वाइन शॉप आहे. खाली सांडलेल्याचा चिकचिकाट, कोपऱ्यांत गुटख्याच्या पिचकाऱ्या, जाळीला लोंबकळणारी बाप्यांची गर्दी. मला बघून ती दुभंगली. आमच्या गावचा एकजण त्यात होताच. कापूरहोळला गाडी बदलल्याशिवाय आमच्याकडचा माणूस कुठं जात नाही.

"बाई, तुमी? हितं?"

"हो, मीच," मी म्हटलं, आणि जाळीपलीकडच्या माणसाला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक पोर्ट द्या." कुणी हसलं नाही. मला मात्र त्यांचा, त्या दुकानाचा आणि माझ्या पिशवीतल्या त्या ओझ्याचा इतका तिटकारा आला, की घरापर्यंत मी पिशवी अंगाला लागू दिली नाही.

सासूबाई जाग्याच होत्या. मी झाकण फिरवलं. वास आला तसा मी श्वास धरला, चमचा भरला आणि तोंड दुसरीकडे करून हात पुढं केला. "आत्याबाई, औषध आणलंय."

त्यांनी घोट तोंडात धरला. बराच वेळ धरला. मग गिळून म्हणाल्या, "ह्ये त्ये न्हाई. त्ये ग्वाड हुतं."

मी चमचा मागं घ्यायला लागले तर त्यांनी माझं मनगट पकडलं. इतक्या दिवसांच्या उपाशी हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. चमचा ओढून त्यांनी नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला.

"ह्याला माझ्या पोराचा वास येतोय गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आ केला.

मी चमचा पुन्हा भरला.