टाकीपर्यंतचा आवाज

आयटीतल्या नोकरीचा पहिला पगार झाला आणि मी बेस गिटार घेतली. खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये ती भिंतीला टेकवली, तेव्हा कारखान्यातून आलेल्या पप्पांनी तारा मोजल्या आणि विचारलं, "चारच? दोन दुकानदारानं ठेवून घेतल्या का?"

अँप्लिफायर घ्यायचा राहिला होता, आणि त्याशिवाय बेस मुकीच. दोन दिवस माझी टकटक ऐकून पप्पांनी कॉटखालून आपला स्पीकर ओढून काढला. अँप्लिफायर त्याच्या पोटातच, वर उचलायला मूठ. कॉलनीतली बुद्धवंदना, जयंतीची भाषणं त्याच्यावरच व्हायची. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला पप्पांना खपायचा नाही. माइकच्या जागी माझी वायर खोचत ते म्हणाले, "अर्ध्याच्या पुढे फिरवायचं नाही. आवाज फाटतो."

ऑफिसातल्या आम्हा चौघांचा बँड होता. स्कूटरवर पायाशी ठेवून तो स्पीकर मी विश्रांतवाडीपासून वारज्यापर्यंत नाचवला. पण जीव अडकलेला असायचा तो कॉलनीच्या मैदानावरच्या कार्यक्रमात, कारण तिथे पप्पा यायचे. त्यांच्यासाठी पुढची खुर्ची मी धरून ठेवायचे. ते मात्र "आवाज पोचतो का बघतो" म्हणून निघायचे ते थेट मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. तिथून हात वर करायचे, म्हणजे पोचला. मग परत येतील? छे! कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच, टाकीला टेकून.

मला ते फार लागायचं. एकदा म्हटलंही, "पप्पा, पुढे बसून ऐका की जरा."

"तिथून छान ऐकू येतं," म्हणाले. विषय संपला. यांना आमचा गोंगाट सोसत नाही, अशी मीच माझी समजूत घालून घेतली.

पप्पा गेले, त्यानंतरच्या जयंतीला कॉलनीनं आम्हाला बोलावलं. नेहमीसारखाच बेसला पप्पांचा स्पीकर, गाण्याला, गिटारला आणि की-बोर्डला दुसरा लहानसा. कार्यक्रमाआधी आवाज बघायचा, तर टाकीपाशी जाणार कोण? मी बेस आमच्या गिटारवाल्याच्या गळ्यात अडकवली, बाकीच्यांना सुरू करा म्हटलं आणि निघाले.

निम्म्या मैदानातच गाण्याचे शब्द विरले. थोडं पुढे गेल्यावर की-बोर्डही गेला. टाकीपाशी पोचले, तर मागच्या रस्त्यावरच्या गाड्यांपुढे काहीच टिकत नव्हतं. फक्त बेसचा आवाज येत होता. एकेक सूर, स्वच्छ, छातीशी येऊन थांबणारा.

म्हणजे इतकी वर्षं पप्पा इथे उभे राहून एकट्या मलाच ऐकत होते. आणि आज वाजवणारी मी नव्हते, ऐकणारे ते नव्हते. मला ते हवे होते, पुढच्या खुर्चीत नकोत, इथेच.

स्टेजवरून गिटारवाला हातानं खुणावून विचारत होता, पोचतोय का?

मी टाकीला टेकले आणि हात वर केला.