करंगळीवरची शाई

पुतळी ही कुंभारवाड्याची आशाताई. ताप, बाळंतपणं, पोलिओचे डोस, चौदा वर्षं सगळं तिच्याच गळ्यात. बाई कामाला वाघीण, पण एक खोड होती. पोलिओच्या मोहिमेत पोरांच्या करंगळीला शाई लावून लावून तिचा हात असा बसला होता, की कसलंही शिबिर असो, ही आपली शाईचा पेन घेऊन हजर.

गेल्या वर्षी अनिकेत डॉक्टर दातांचं शिबिर घेऊन आले. सोबत नवं यंत्र. दातावर उजेड टाकायचा, कीड असली की पडद्यावर लाल दिसणार. आधी यंत्र तपासणार, मग यंत्रानं काय दाखवलं ते न कळता डॉक्टर स्वतः तपासणार, आणि दोघांचं किती जुळतं त्याचा अहवाल व्हायचा. आता हे 'न कळता' पुतळीला कुणी समजावलंच नाही. दुखऱ्या माणसांना डॉक्टरांपुढं ताटकळावं लागू नये म्हणून हिनं लाल आलेल्यांच्या करंगळ्या रंगवून त्यांना पुढं काढलं. एकेचाळीस जण. शाई दिसली की डॉक्टर एकेक दात ठोकून बघत. कोरी करंगळी दिसली की 'छान आहेत' म्हणत आणि पुढच्याला बोलावत.

शेजारच्या इंदुबाईची करंगळी कोरी होती.

दिवाळीनंतर तिचा गाल सुजला. तालुक्याला नेली तर दाढ आतून पोखरलेली, पू हाडापर्यंत उतरलेला. दाढ काढली, तरी सूज हटेना. कीड जुनी आहे, शिबिरात कशी नाही दिसली, असं तिथल्या डॉक्टरनं विचारलं आणि पुतळीला ती कोरी करंगळी आठवली.

त्याच आठवड्यात छापील अहवाल आला. पुतळीची लेक सुनयना कॉलेजात शिकते, तिनं तो मराठीत सांगितला. यंत्र आणि डॉक्टर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा जुळले. डॉक्टरांना यंत्राचा निकाल ठाऊक नव्हता. एवढं ऐकून पुतळीनं घास ताटात टाकला. या कागदाच्या जोरावर आता गावोगावी नुसतं यंत्र फिरणार होतं, दातांचा डॉक्टर येणं बंद. सोमवारच्या बैठकीत अनिकेत डॉक्टर अहवाल मांडणार आणि ते पक्कं व्हायचं होतं.

तिनं अनिकेत डॉक्टरांना फोन लावला. "सर, चूक माझी हाय. मी खुणा केल्या व्हत्या."

"पुतळीताई, ते मला पहिल्याच तासात कळलं होतं."

"मग तसं लिवलं का न्हाई?"

"लिहिलं असतं तर वर्षाची मेहनत पाण्यात गेली असती. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

पुतळीला आधी रडूच आलं. मग असा संताप आला की तिनं फोनच कापला. ही बापडी आठ दिवस स्वतःला खात बसली होती, आणि तो शिकलेला माणूस सगळं जाणून गप्प. पण आपल्या चुकीचं काय? ती काही त्याच्या पदरात टाकता येत नव्हती.

ती तशीच इंदुबाईकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली, सोमवारी बैठकीत जाऊन हेच बोलणार हेही. म्हातारी गालाला फडकं धरून ऐकत होती.

"म्हंजे पुतळे, त्यानं माझ्या तोंडात बघितलंच न्हाई म्हण की."

"न्हाई, काकी."

"आणि कागदात बघितलं म्हणून लिवलंय?"

"व्हय."

"मग सोमवारी मला बी घेऊन चल," इंदुबाई म्हणाली. "मी समोर बसून आ करते. आता तरी बघ म्हणावं."