जत्रेला गेलेली साध्वी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी वरण करपलं तरी सांगते, दुसऱ्यावर ढकलून का होईना. आज तुम्हाला सांगते. पण मान खाली घालून सांगेन, असं समजू नका.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे होत होते तेव्हाची गोष्ट. हैदराबादेतले आमच्यासारखे मराठी नोकरदार पेचात — इथंच राहायचं की मराठवाड्यात जायचं? बाबांना हापिसात कळवायचं होतं. पण आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात बाबांना विचारतो कोण? शब्द आत्याचा. विधवा, बाबांहून थोरली, त्यांना तिनंच वाढवलेलं. तिची एकुलती लेक परभणीला दिलेली, तिला नुकतेच दिवस गेलेले. आत्याचा जीव तिकडं ओढत होता. तरी कौल घेतल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही. मनात प्रश्न धरायचा, कीर्तनाला बसायचं, बुवांच्या तोंडून निघेल ते उत्तर.

नेमकं तेव्हा कुठं कीर्तन नव्हतं. चिक्कडपल्लीकडे तेलुगू भक्तिपट लागला होता, बायका चपला बाहेर काढून आत जात होत्या. आत्या म्हणाली, "देवाचंच आहे की. चल." तिला तेलुगू येत नव्हतं. मला येत होतं — शाळेनं नाही, पिक्चरांनी शिकवलेलं. माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एका नटाचा फोटो चिकटवलेला होता. मला परभणी नक्को होती. तिथं तेलुगू पिक्चर कोण दाखवणार — तहसीलदार?

जनान्यात, बायकांच्या वेगळ्या बाकांवर, बसलो. पडद्यावरची साध्वी उंबऱ्यात उभी राहिली, डोळ्यांत पाणी. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "काय म्हणाली गं?"

ती म्हणाली होती — मी आपल्या माणसांत जाते.

मी सांगितलं — "म्हणतेय, हा उंबरा सोडणार नाही."

खोटं इतकं सोपं असतं? असतं. पुढं ती बाई बैलगाडीत चढलीच, तेव्हा "जत्रेला चाललीय" म्हणून मी वेळ मारून नेली. पिक्चर संपलं तरी ती परतली नाही. पण आत्या कधीच डोळे मिटून हात जोडून बसली होती. तिचा कौल झाला होता.

आम्ही राहिलो. लेकीची बाळंतपणं आत्यानं पाहुणीसारखी गाठली. नातवंडं तिला बघून आईच्या पदराआड लपायची, आणि ती परत आली की तेवढंच सांगायची. हे देवानं केलं नाही — मी केलं.

पुष्कळ वर्षांनी तेच पिक्चर दिलसुखनगरला पुन्हा लागलं. आत्या म्हणाली, चल. तोवर भाजीवालीशी भांडून भांडून तिचं तेलुगू पक्कं झालेलं — हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? उंबऱ्याचा प्रसंग आला. मी सवयीनं तिच्या कानाशी वाकले.

"राहू दे," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "कळतंय मला."

मग बैलगाडी निघाली.

"लई लांबली गं ही जत्रा."

एवढंच. ती जाईपर्यंत पुन्हा विषय नाही. मी माफी मागितली नाही, तिनं दिली नाही. दोष माझा, पुरता माझा. आणि त्या जनान्यात मला पुन्हा नेऊन बसवलंत, तर तोंडातून तेच निघेल. हे हैदराबाद मी आत्याकडून चोरलंय — परत करणार नाही.