लंगोटाची तार

आमच्या गडमुडशिंगीच्या घरात माणसं आधी मारायची आणि मग बोलायची. म्हशीनं लाथ झाडली की तिला दणका, सायकलची चेन पडली की सायकलला लाथ, भाकरी करपली की मला. सासरे जुने पैलवान, नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. सासूनं आयुष्यभर मार खाल्ला होता. "हाताचा मार लौकर जिरतोय," अशी ती माझी समजूत घालायची. मीही काही गोगलगाय नव्हते. जिभेनं दोघांनाही पुरून उरायची, आणि त्यापायीच जास्त खायची. पण मुलगी झाली तेव्हा मनाशी पक्कं केलं, माझं काय व्हायचं ते होऊ दे, हिच्या अंगाला या घरातला हात लागता कामा नये.

परदेशात असलेली माझी थोरली बहीण तिला बघायला आली ती कापडी डायपर घेऊन. फेकून द्यायचे डायपर तेव्हा कोल्हापुरात औषधाच्या दुकानात मिळायला लागले होते. पण धुऊन परत वापरायचे, बटणं लावून लहानमोठे करायचे, असे आमच्याकडं कुणी पाहिले नव्हते. बाहेरून ओल न झिरपणारं कापड, आत खिसा, खिशात जाड घडी घालायची. सासूनं ते उलटसुलट करून पाहिले आणि गल्लीभर सांगून आली, "परदेशातनं बटणाचं लंगोट आल्यात." त्या एका शब्दानं घात केला.

कारण आमच्या घरात लंगोट म्हणजे सासऱ्यांचा. लाल, मारुतीसमोर कपाळाला लावून मग नेसायचा. बाळाच्या असल्या कापडाला ते फडकं म्हणायचे. या वयातही पहाटे लंगोट कसून जोर मारायचे, आणि तो स्वतःच्या हातानं धुऊन मागच्या पत्र्याखाली वाळत घालायचे. तिथं त्याच्यासाठी वेगळी तार होती. तिला बाईनं हात लावायचा नाही. गावात त्यांना लंगोटाचा पक्का माणूस म्हणत. त्या पक्केपणाचा सासूला काय उपयोग झाला, हे विचारायची सोय नव्हती.

पोरगी सात-आठ महिन्यांची असताना पावसाची झड लागली. दुपटी चुलीवर धरून सुकायची, पण डायपरचं कापड आचेला धरलं तर वितळेल असं बहिणीनं बजावलं होतं. जाड घड्या तर दमटच राहायच्या. पोरीचं बूड सोलून लालभडक झालं. घरात वारा खेळायचा तो फक्त त्या पत्र्याखाली. मी सरळ जाऊन लंगोटाशेजारी दोन डायपर आणि घड्या टाकल्या. मारुतीची मला भीती वाटत नव्हती, पोरीच्या कातड्याची वाटत होती.

संध्याकाळी सासऱ्यांनी ते पाहिलं. डायपर तारेवरून ओरबाडून शेणाच्या राड्यात फेकले. "पोरीचं मुताचं फडकं माझ्या लंगोटाजवळ?" आवाज ऐकून मी पोरीला खांद्यावर टाकून बाहेर आले.

"घरातनंच गावभर सांगितलंय न्हवं, लंगोट हाय म्हणून? मग लंगोटाच्या तारेवर न्हाय तर कुठं वाळवू?" म्हटलं. तिथं थांबायला हवं होतं, पण जिभेला हाड नव्हतं. "आणि हिच्या लंगोटाचा निदान कुणाला उपयोग तरी हाय की."

नवरा नुकताच पाळीवरून आला होता, मोरीत पाय धूत होता. बापाचा अपमान त्याला कधी सहन झाला नाही. तो कमरेचा पट्टा काढत आला.

पट्टा माझ्या पाठीसाठी होता. पोरीला आड घ्यायला म्हणून मी वळले आणि उलटंच झालं. पट्टा तिच्या बुडावर बसला. आवाज गादी झोडल्यासारखा आला. दमट घडीवर कोरडी घडी घालून तिला नेसवलं होतं, ते जाडजूड बोचकंच झालं होतं. पोरगी दचकली, माझ्या तोंडाकडं बघत राहिली, पण रडली नाही.

सासरे हसले. "पैलवानाची नात हाय की." नवराही हसत पट्टा परत कमरेला घालू लागला. सासू म्हणाली, "जाड हाय त्ये, लागलं न्हाय." मघाचा राग कुठल्या कुठं गेला, घर एकदम खुशीत आलं. माझं मात्र रक्त उसळलं. तिला बसलेला पहिला मार त्यांनी कौतुकात घेतला होता. आता दुसऱ्याला अडवणारं कोण होतं?

पोरीला सासूच्या हातात दिलं. धुण्याच्या दगडावरचं धोपाटणं उचललं आणि नवऱ्याच्या मनगटावर घातलं. तो कळवळून खाली बसला. बसलेल्याच्या खांद्यावर आणखी एक घातला, मग आणखी एक. सासरे पुढं आले, माझ्याकडं पाहिलं आणि जागीच थांबले. खांद्यावरच्या त्या दोन फटक्यांची काही गरज नव्हती. पण खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. इतकी वर्षं ही माणसं का मारतात ते मला त्या वेळी कळलं.

तेव्हा पोरगी रडली. पट्ट्याला रडली नव्हती, माझ्याकडं बघून रडली. घ्यायला हात पुढं केले तर तिनं सासूच्या पदरात तोंड खुपसलं.

तशीच तिला ओढून घेतली आणि कोडोलीला माहेरी आले. परत नांदायला गेले नाही. भावकीत अजून म्हणतात, माराला भिऊन आली. त्याच्या माराची मला सवय होती. भ्याले ती माझ्या हाताला. तिथं राहिले असते तर पोरीला पुढची चापट माझीच बसली असती.