आमची टीम

माझी ओळख करून द्यायला मला साधारण अकरा मिनिटं लागतात. स्वतंत्र संस्थापक, म्हणजे पुण्यातली बरी नोकरी सोडून बेंगळुरूत एकट्याने सॉफ्टवेअर कंपनी काढलेला माणूस, हे पहिल्या मिनिटातच आटोपतं. मग मोडी लिपी, बाथरूममध्ये वाढवलेली अळिंबी, सहा महिने शिकून सोडलेला तबला आणि सध्या चालू असलेलं पक्षिनिरीक्षण. समोरचा गप्प झाला की तो भारावलाय असं मी धरून चालतो.

पीण्या या बेंगळुरूच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांना मी ही ओळख साग्रसंगीत ऐकवली. ते मूळचे निपाणीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कोणत्या लेथवर कोणतं काम चाललंय आणि ते कधी संपेल, हे फोनवर दाखवणारा माझा प्रोग्रॅम मला त्यांच्या गळी उतरवायचा होता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "एवढं सगळं करता, मग काम कधी करता हो?"

तरी आठवडाभर वापरून बघायला तयार झाले. ते माझं पहिलंच गिऱ्हाईक. ते हातचं गेलं तर गुपचूप नोकरी शोधायची, असं मी बायकोकडे कबूल केलं होतं.

इथे आमच्या जमातीची एक खोड सांगायला हवी. एकट्या संस्थापकाच्या वेबसाइटवर 'मी' कुठेच नसतो. आमची टीम, आमचा सपोर्ट विभाग, आमचे तांत्रिक प्रमुख. माझ्याकडेही हे सगळं होतं आणि चामराजपेटच्या दोन खोल्यांत, एकाच बनियनमध्ये नांदत होतं.

बुधवारी दुपारी प्रोग्रॅम बंद पडला. अण्णांनी सपोर्टला फोन लावला. मी बारीक, नम्र आवाजात तक्रार लिहून घेतली, "तांत्रिक प्रमुखांना जोडून देतो सर" म्हणालो आणि फोन छातीशी धरून अर्धं मिनिट उभा राहिलो. मग घसा खाकरून भारदस्त आवाज लावला. चूक लगेच सापडली, दहा मिनिटांत सगळं सुरळीत झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

"एक विचारू काय?" अण्णा म्हणाले. "मघाच्या साहेबांच्या मागं कुकर शिट्ट्या मारत होता. तुमच्या मागं पण मारतोय. दोघांत एकच घेतलाय काय?"

मी काही जुळवायच्या आत ते म्हणाले, "उद्या सगळी टीम घेऊन या. सरी? ठीक ना?" आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी दोन मित्रांना टीम व्हायला तयार केलं. एकाने तर आपला चष्मा तांत्रिक प्रमुखाला शोभेल असं आपणहून सांगितलं. बायकोने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आता खोटं बोलायला आणखी दोघं नेणार आहेस?" मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. "अण्णा, टीमबिम काही नाही. मी एकटाच आहे. चुकलं माझं."

अण्णांनी मला दाराबाहेर नेऊन वरची पाटी दाखवली. कारखान्याच्या नावापुढे 'अँड ब्रदर्स' लिहिलेलं होतं.

"धाकटा वेगळा झाला, लई वर्षं झाली. एकट्या माणसाला ऑर्डर द्यायला लोक बिचकतात बघा. म्हणून पाटी काढली नाही."

माझ्या जिवात जीव येतोय तोच ते म्हणाले, "पण फोन आला तर मी भावाचा आवाज काढत नाही."

ते हसले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आत जाऊन त्यांनी मशिनं थांबवायला सांगितलं. सहा-सात कामगार भोवती जमले. "सांगा यांना," अण्णा म्हणाले, "तुम्ही कोण ते."

"हा प्रोग्रॅम मी लिहिलाय," मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणालो. "बंद पडला तर मला फोन करा. दुसरं कोणी नाही."

मी अण्णांकडे पाहायचं टाळलं. मग त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर कामगाराने तेलकट हात पँटला पुसले, खिशातून फोन काढला आणि माझा नंबर टिपून घ्यायच्या तयारीत म्हणाला, "नंबर हेळी, सार."