जव्हारला दुखणं सांगून आले

सूर्यमाळहून सकाळची जीप धरली तेव्हा सून जनी माझ्या शेजारी तोंड फुगवून बसली होती. उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा टाकून निघणं तिला जड गेलं. मागे मला बरगडीवर नागीण उठली. फोड सुकले, आग गेली नाही. कडेवरचा हंडा तिथे टेकला की जीव जातो, म्हणून मी डोक्यावरचाच आणायचे आणि जनीच्या खेपा वाढायच्या. "कातडी तर चांगली दिसते," ती म्हणायची. जव्हारला दुखण्यावर संशोधन करणारे डॉक्टर आले होते. त्यांनीही काही नाही म्हटलं, तर घरी कडेवरचा हंडा ठरलेलाच.

खोडाळ्यापुढे डोंगर वाळून पिवळे पडलेले, मध्येच मोहाची तांबडी पालवी. मोखाड्याला जीप पंक्चर झाली. रस्त्याकडेला बसून आम्ही नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुकट खाल्ली.

जव्हारच्या स्टँडजवळ एका मुसलमान बांगडीवालीला विचारलं.

"दुखण्याचे डॉक्टर ना, मावशी? वरच्या शाळेत बसलेत. चलो, दाखवते."

दुकान उघडं टाकून ती आमच्याबरोबर चढण चढली.

डॉक्टरबाई मुंबईच्या. त्यांनी माझ्या हातावर एक चकती बांधली. ती हळूहळू तापत जाते. "दुखायला लागलं की बटण दाबा," म्हणाल्या. मी दाबलं नाही. आमच्याकडे पोट दुखलं की डाग (तापल्या विळ्याचा चटका) देतात. लहानपणी मला दिला तेव्हा मी हूं की चूं केलं नाही, आणि आईने ते पाडाभर सांगितलं होतं. चकती शेवटी आपोआप बंद झाली.

"आजी, बटण बिघडलं का?"

"नाय. सोसवत होतं."

"सोसायचं नाही, सांगायचं. पुन्हा असं केलंत तर तुमची तपासणी धरता येणार नाही."

मग त्यांनी समजावलं. प्रयोगशाळेत त्या उंदरांच्या नसा बघतात. जखम भरली तरी नस कधी कधी मेंदूला निरोप धाडतच राहते. पण आपल्याला काय होतंय ते उंदीर बोलून दाखवत नाही, म्हणून त्या माणसांकडे येतात.

"आणि उंदीर तरी पाय मागे घेतो, आजी. तुम्ही तेही करत नाही!"

जनी फिस्सकन हसली.

दुसऱ्यांदा मी बटण वेळेवर दाबलं. मग बाईंनी कापसाचा बोळा चांगल्या कुशीवरून फिरवला. काही नाही. दुखऱ्या कुशीला नुसता टेकवला आणि मी ओरडले. बाहेर बसलेल्या बायांनीही ऐकलं. जनीचं हसू गेलं.

"एवढ्याशा कापसाने?"

"हो. दुखणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "कातडीवर नाही, नसेत आहे."

गोळ्या दिल्या. पूर्ण जाईलच असं नाही, हेही तोंडावर सांगितलं. ते बरं केलं. आता निदान झोप लागते. त्या बाईंचे आणि बांगडीवालीचे उपकार आहेत. कणगीतला उंदीर दिसला तर मी मारणारच, पण प्रयोगशाळेतल्या उंदरांचेही उपकार आहेत, ते नाकारणार नाही.

परतल्यावर विहिरीवर जनीने माझ्या डोक्यावर हंडा चढवून दिला. पाऊलवाट दोघींना जेमतेम पुरते. चालताना तिच्या कडेवरचा हंडा माझ्या कुशीला घासला.

"दुखलं," मी म्हटलं.

 जनी बाजू बदलून माझ्या चांगल्या कुशीकडून चालू लागली.